अवसादरोधक औषधांचा गुण आणि दोन गुणांचा फरक

औषधाला गुण येणे हा वाक्प्रचार मराठीत जुना आहे. पण तो दिसतो तितका सरळ नाही. रोग्यास बरे वाटू लागले म्हणजे औषधाला गुण आला असे म्हणतात. तेच औषध दुसऱ्याने दिले असता उपयोग झाला नाही, तर पहिल्या वैद्याच्या हाताला गुण होता असे म्हणतात. आणि आजार आपल्या मुदतीने ओसरला, तरी त्याचे श्रेय बहुधा शेवटी घेतलेल्या औषधालाच मिळते. औषध, वैद्य आणि काळ ह्या तिघांचा वाटा निरनिराळा कसा काढावयाचा, ही चिकित्साशास्त्रातील जुनी अडचण होय. अवसादाच्या विकारात ती विशेषच जाणवते; कारण ह्या विकाराचे निदान करणारी रक्ताची तपासणी अथवा क्ष-किरणचित्र अद्याप उपलब्ध नाही. रोगी काय सांगतो व चिकित्सकास काय दिसते, एवढ्यावरच निदान होते आणि सुधारणेचे मापही तेवढ्यावरच घेतले जाते.

व्यवहारात ज्याला नैराश्य किंवा डिप्रेशन म्हणतात त्यालाच येथे अवसाद म्हटले आहे. आप्ताच्या मृत्यूने किंवा अपयशाने होणारे दुःख आणि हा विकार ह्यांत भेद आहे. किमान दोन आठवडे जवळजवळ दिवसभर टिकणारी खिन्नता अथवा कशातही रस न वाटणे, आणि त्याबरोबर झोप, भूक, उत्साह व एकाग्रता ह्यांत बिघाड, अपराधीपणाची भावना, मरणाचे विचार, अशी लक्षणे एकत्र आढळली म्हणजे हे निदान केले जाते. बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व तंत्रिकाविज्ञान संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या पाहणीत २.७ टक्के प्रौढांना त्या वेळी हा विकार असल्याचे आढळले. त्यांतील बहुसंख्यांना कोणताही उपचार मिळत नव्हता. अवसादरोधक औषधांना गुण आहे की नाही हा प्रश्न म्हणूनच केवळ तज्ज्ञांच्या नियतकालिकांत वाद घालण्यापुरता राहत नाही.

ही औषधे कोणत्याही सिद्धांतातून निघाली नाहीत. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना आयप्रोनियाझिड हे नवे औषध देण्यात येऊ लागले, तेव्हा दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्या रोग्यांची वृत्ती विलक्षण उल्हसित झाल्याचे दिसून आले. नेथन क्लाइन व त्यांचे सहकारी ह्यांनी १९५७ मध्ये अवसादावरील त्याच्या उपयोगाविषयी निवेदन केले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील म्यून्स्टरलिंगेन येथील मनोविकारतज्ज्ञ रोलाँड कून ह्यांनी गायगी कंपनीच्या इमिप्रामीन ह्या औषधाविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. हे द्रव्य छिन्नमनस्कतेवर उपयोगी पडेल ह्या अपेक्षेने प्रथम वापरण्यात आले होते. त्या रोग्यांना ते लागू पडले नाही. अवसादग्रस्तांना मात्र पडले. कून ह्यांनी नियंत्रित गट योजला नव्हता, मापनश्रेणीही वापरली नव्हती. रोग्याच्या निकट राहून केलेल्या निरीक्षणावर त्यांची सारी भिस्त होती. त्यांचे निरीक्षण पुढे बऱ्याच अंशी खरे ठरले. परंतु निरीक्षण चांगले असणे आणि त्यावरून काढलेले अनुमान निर्णायक असणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपोआप बरे होणारे रोगी आणि औषधाने बरे होणारे रोगी कितीही सूक्ष्म दृष्टीने पाहिले तरी सारखेच दिसतात.

हा भेद करण्याचा एकच खात्रीचा उपाय त्या काळी रूढ होत होता. रोग्यांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी यदृच्छ वाटणी करावयाची, एका गटास औषध व दुसऱ्यास तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी द्यावयाची, आणि कोणास काय दिले हे रोगी व परीक्षक ह्या दोघांपासूनही गुप्त ठेवावयाचे. निष्क्रिय गोळीला वैद्यकात प्लासिबो असे म्हणतात. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९६५ साली प्रसिद्ध केलेली २५० रोग्यांवरील चाचणी ह्या पद्धतीचे प्रसिद्ध उदाहरण होय. तीत विद्युत्-आघाताचा परिणाम चार आठवड्यांच्या अखेरीस सर्वांत चांगला ठरला, इमिप्रामीन निष्क्रिय गोळीहून सरस ठरले, आणि आयप्रोनियाझिडच्याच जातीचे फेनेल्झीन मात्र निष्क्रिय गोळीच्या पुढे गेले नाही. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांची प्रकृती सुधारली होती, ही गोष्ट तेव्हा फारशी चर्चिली गेली नाही. पुढील सारा वाद मात्र तिच्याच भोवती फिरला.

सुधारणा मोजण्याचे साधन मॅक्स हॅमिल्टन ह्यांनी १९६० साली तयार केले. त्यांच्या मापनश्रेणीत सतरा बाबी असून सर्वाधिक गुणसंख्या ५२ होते. गुण जितके अधिक तितका विकार तीव्र. ज्यांचे निदान आधीच झाले आहे अशा रोग्यांच्या विकाराची तीव्रता ठरविणे, एवढाच तिचा मूळ हेतू होता. ती आजतागायत औषधांच्या चाचण्यांत वापरली जाते, आणि तिच्या घडणीतील काही विशेष निष्कर्षांतही उतरतात. उदाहरणार्थ, झोपेविषयीच्या तीन बाबींना प्रत्येकी दोन, म्हणजे एकूण सहा गुण आहेत. ज्या औषधाने केवळ चांगली झोप लागेल ते ह्या श्रेणीवर काही गुणांची सुधारणा दाखवू शकेल. मग रोग्याच्या मनातील निराशेत पालट झालेला असो वा नसो. उलट, जगण्यात पुन्हा रस वाटू लागणे ह्या एकाच गोष्टीमुळे एखाद्या रोग्याचे आयुष्य पालटले, तरी ह्या श्रेणीवर त्याची नोंद थोडक्याच गुणांची होईल. मराठीत औषधालाही गुण येतो आणि परीक्षेतही गुण मिळतात. अवसादाच्या संशोधनात पहिल्या गुणाची परीक्षा दुसऱ्या गुणांनी होते, आणि दोहोंची सांगड नेहमी बसतेच असे नाही.

१९८७ च्या डिसेंबरअखेर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फ्लुऑक्सेटीनला संमती दिली. प्रोझॅक ह्या व्यापारी नावाने ते जगभर गेले. जुन्या औषधांच्या मानाने हे औषध व त्याच्या वर्गातील इतर औषधे अतिमात्रेत कमी घातक असल्यामुळे त्यांचा प्रसार झपाट्याने झाला. नियतकालिकांत प्रसिद्ध होणाऱ्या चाचण्या जवळजवळ एकमुखाने अनुकूल होत्या. ही एकवाक्यता कशी निर्माण झाली होती, ते एरिक टर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखविले. अमेरिकेत संमती मिळविण्यासाठी औषध कंपन्यांना आपल्या चाचण्यांची नोंद आधीच प्रशासनाकडे करावी लागते. त्या दप्तरातील बारा औषधांच्या ७४ चाचण्या त्यांनी प्रसिद्ध वाङ्मयाशी ताडून पाहिल्या. प्रशासनाच्या मते ३८ चाचण्यांचा निकाल औषधास अनुकूल होता. त्यांपैकी ३७ प्रसिद्ध झाल्या होत्या. उरलेल्या ३६ प्रतिकूल किंवा संशयास्पद चाचण्यांपैकी २२ अजिबात प्रसिद्ध झाल्या नाहीत, ११ अनुकूल वाटाव्यात अशा रीतीने मांडण्यात आल्या, आणि अवघ्या तीन जशाच्या तशा छापल्या गेल्या. नियतकालिके वाचणाऱ्या डॉक्टरास ९४ टक्के चाचण्या यशस्वी दिसत होत्या. दप्तरात तेच प्रमाण ५१ टक्के होते. ह्यात खोटे आकडे कोणी तयार करावे लागले नव्हते. प्रतिकूल ते कपाटात राहिले, एवढेच.

मात्र त्या दप्तरातून दुसरीही गोष्ट निष्पन्न होते, आणि ती विसरणे तितकेच गैर ठरेल. दडपलेल्या चाचण्या हिशेबात घेतल्यावर औषधांचा परिणाम घटला. तो नाहीसा झाला नाही. सांख्यिकीच्या भाषेत परिणामाचे प्रमाण ०.४१ वरून ०.३१ वर आले. त्याच वर्षी अर्व्हिंग कर्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार नव्या औषधांच्या ३५ चाचण्यांतील ५,१३३ रोग्यांची आकडेवारी एकत्र केली. औषध घेणाऱ्यांची हॅमिल्टन श्रेणीवरील सुधारणा सरासरी ९.६ गुणांची होती, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांची ७.८ गुणांची. फरक १.८ गुणांचा. ब्रिटनमधील मार्गदर्शक संस्थेने चिकित्सेच्या दृष्टीने अर्थपूर्ण फरकासाठी तीन गुणांचा निकष सुचविला होता. तो येथे पुरा होत नाही, म्हणून सौम्य व मध्यम विकारात ह्या औषधांची शिफारस करण्यास फारसा आधार नाही, असे कर्श ह्यांचे म्हणणे. दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, ऑक्सफर्ड येथील आंद्रेआ चिप्रियानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ औषधांच्या ५२२ चाचण्यांचे व १,१६,४७७ रोग्यांचे संकलित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात सर्वच्या सर्व औषधे निष्क्रिय गोळीहून सरस ठरली. काही वृत्तपत्रांनी वाद मिटला असे जाहीर केले. वस्तुतः चिप्रियानी ह्यांना सापडलेले परिणामाचे प्रमाण ०.३० होते, म्हणजे टर्नर ह्यांच्या आकड्याइतकेच. आणि गुणांच्या भाषेत ते दोनच्या आसपासच येते. दोन्ही बाजूंचे आकडे सारखे आहेत. भांडण आहे ते त्या आकड्याच्या अर्थाविषयी.

दोन गुण म्हणजे काय, ह्याचे उत्तर देताना पहिली चूक होते ती अशी, की औषधाने रोग्यास दोन गुणांचा लाभ होतो असे समजले जाते. औषध घेणाऱ्या रोग्याची सुधारणा सरासरी साडेनऊ ते दहा गुणांची असते, आणि ती त्याला व त्याच्या घरच्यांना स्पष्ट जाणवण्याइतकी मोठी असते. दोन हा आकडा त्या सुधारणेतील केवळ रासायनिक द्रव्याचा वाटा सांगतो. उरलेल्या आठ गुणांत विकाराचा स्वाभाविक चढउतार येतो. रोगी बहुधा अगदी खालच्या अवस्थेत असतानाच डॉक्टरकडे जातो, म्हणून पुढील मोजणी सरासरीकडे झुकते, तेही ह्यातच येते. बरे होण्याची अपेक्षा येते. आणि दर आठवड्यास कोणी आस्थेने विचारपूस करणे, ज्याला लोकभाषेत हातगुण म्हणतात, तेही ह्यातच येते. ह्यांतले कोणते किती, हे सामान्य चाचणीतून कळत नाही. कारण काहीच न मिळणारा तिसरा गट त्यांत नसतो. तेव्हा निष्क्रिय गोळीच्या गटातील सारी सुधारणा ही श्रद्धेची किमया मानणे, जसे काही लेखक मानतात, तर्काला धरून नाही.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. तीन गुणांचा निकष एका व्यक्तीत होणाऱ्या बदलाच्या कल्पनेवरून घेतलेला, आणि दोन गुणांचा फरक दोन गटांच्या सरासरींमधला. सरासरीत दोन गुणांचा फरक अनेक रीतींनी पडू शकतो. प्रत्येक रोग्यास दोन-दोन गुणांचा लाभ झाला, तर तो कोणास जाणवणारही नाही. परंतु सातांपैकी एकास चौदा गुणांचा लाभ होऊन इतर सहांना काहीच झाला नाही, तरीही सरासरी दोनच येते. आणि त्या एकाच्या दृष्टीने औषध जीवदान ठरते. ह्यांपैकी कोणते चित्र खरे, हे सरासरीकडे पाहून सांगता येत नाही. २०२२ मध्ये मार्क स्टोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी प्रशासनाकडील २३२ चाचण्यांतील ७३,३८८ रोग्यांची व्यक्तिगत नोंद तपासली. सरासरी फरक पुन्हा तोच, १.७५ गुणांचा. पण त्यांना रोग्यांचे तीन गट पडलेले दिसले. फार मोठी सुधारणा झालेल्यांच्या गटात औषध घेणाऱ्यांपैकी २४.५ टक्के होते, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी ९.६ टक्के. म्हणजे सुमारे १५ टक्के रोग्यांना औषधामुळेच असा लाभ झाला असावा, जो त्यांना एरवी झाला नसता. सातांपैकी एकाच्या कल्पनेशी हे बरेच जुळते.

तथापि ह्या निष्कर्षावरही आक्षेप आहे आणि तो विचारार्ह आहे. थोड्याच रोग्यांना भरघोस लाभ होत असेल, तर औषधाच्या गटातील गुणांचा विस्तार निष्क्रिय गोळीच्या गटापेक्षा मोठा दिसला पाहिजे. अनेक चाचण्यांतील प्रमाण विचलनांची तुलना केली असता ती जवळजवळ सारखीच आढळली आहेत. ह्यावरून सर्वांना सारखाच अल्प लाभ होतो असे सिद्ध होत नाही. कारण लाभ होणारे रोगी नेमके तेच असतील जे औषधाविना तळाशी राहिले असते, तर विस्तार न वाढताही सरासरी वर सरकेल. पण सातांपैकी एक हे चित्र निर्विवाद आहे असेही म्हणता येत नाही. एकाच रोग्याला औषध आणि निष्क्रिय गोळी आळीपाळीने वारंवार देऊन पाहिल्याखेरीज ह्याचा निकाल लागणे कठीण, आणि कित्येक महिने टिकणाऱ्या विकारात तसे करणे दुर्घट आहे.

गुप्ततेविषयीचा आक्षेपही येथेच नमूद करणे योग्य होय. औषधाने तोंड कोरडे पडते, मळमळते, झोपेत फरक पडतो. त्यावरून आपणास खरे औषध मिळाले हे अनेक रोग्यांना उमगते आणि त्यांची अपेक्षा वाढते. मग जो फरक औषधाचा म्हणून मोजला जातो त्यातील काही भाग ह्या उमगण्याचा असू शकेल. ह्याच्या निराकरणासाठी जुन्या औषधांच्या काही चाचण्यांत निष्क्रिय गोळीऐवजी ॲट्रोपीनसारखे तोंड कोरडे पाडणारे द्रव्य दिले गेले होते. अशा नऊ चाचण्या एकत्र केल्या असता औषधाचा परिणाम नेहमीपेक्षा लहान दिसला. परंतु त्या चाचण्या जुन्या व लहान आहेत, आणि आजच्या औषधांवर तसे प्रयोग मोठ्या प्रमाणावर झालेले नाहीत. हा आक्षेप वीस-पंचवीस वर्षे वारंवार मांडला जात असताना त्याची सरळ परीक्षा घेण्याची तजवीज झाली नाही, हे ह्या क्षेत्रास भूषणावह नाही.

चाचणीतील रोगी आणि दवाखान्यातील रोगी ह्यांतही अंतर असते. आत्महत्येचा धोका असलेले, व्यसनी, अन्य आजार जडलेले रोगी बहुतेक चाचण्यांतून वगळले जातात. म्हणून अमेरिकेत सुमारे चार हजार सामान्य रोग्यांवर, एकामागून एक चार उपचार बदलून पाहण्याचा स्टार-डी हा मोठा उपक्रम झाला. चारही पायऱ्या धरता ६७ टक्के रोगी लक्षणमुक्त होतात, असा त्याचा २००६ मधील निष्कर्ष पाठ्यपुस्तकांतही उतरला. ह्या आकड्यात मधूनच सोडून गेलेले रोगीही राहिलेल्यांइतकेच बरे झाले असते असे गृहीत धरले होते. २०२३ मध्ये मूळ आराखड्याबरहुकूम पुन्हा गणित केले असता तो आकडा ३५ टक्क्यांवर आला. शिवाय ह्या उपक्रमात निष्क्रिय गोळीचा गट नव्हता, त्यामुळे ह्या ३५ टक्क्यांतही औषधाचा वाटा किती हे कळत नाही.

विकार तीव्र असेल तर औषधाचा लाभ अधिक, असा समज रूढ आहे. २०१० मधील एका विश्लेषणात, ७१८ रोग्यांच्या व्यक्तिगत नोंदींवरून, सौम्य व मध्यम विकारात औषधाचा जादा लाभ नगण्य आणि अतितीव्र विकारात भरीव असल्याचे दिसले. पुढील अधिक मोठ्या विश्लेषणांत हा संबंध इतका स्पष्ट राहिला नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधील सामान्य दवाखान्यांतील ६५३ रोग्यांवर सर्ट्रालीनची चाचणी झाली. सहा आठवड्यांनी अवसादाच्या लक्षणांत फरक जवळजवळ दिसला नाही. चिंता मात्र कमी झाली आणि एकंदरीत आपणास बरे वाटते असे सांगणाऱ्यांचे प्रमाण अधिक निघाले. अवसादासाठी दिलेले औषध प्रथम चिंतेवर काम करीत असेल, तर त्याचे नाव आणि त्याचे कार्य ह्यांत अंतर आहे असे म्हणावे लागेल. नामकरण बाजारात येण्यापूर्वी होते आणि गुणपरीक्षा नंतर चालत राहते, त्याचे हे नवल नाही.

औषध किती काळ घ्यावे, ह्या प्रश्नाकडे चाचण्यांनी मोठे दुर्लक्ष केले. बहुतेक चाचण्या सहा ते आठ आठवड्यांच्या, आणि रोगी औषधे घेतात वर्षानुवर्षे. दीर्घकाळ औषध घेऊन बरे असलेल्या ४७८ रोग्यांवर ब्रिटनमध्ये झालेली व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी ह्या दृष्टीने मोलाची आहे. ज्यांचे औषध चालू ठेवले त्यांपैकी ३९ टक्क्यांचा आजार वर्षभरात उलटला. ज्यांना हळूहळू निष्क्रिय गोळीवर आणले त्यांपैकी ५६ टक्क्यांचा. औषध चालू ठेवण्यात लाभ आहे हे ह्यावरून उघड दिसते. त्याचबरोबर, औषध सोडलेल्यांपैकी ४४ टक्के वर्षभर ठीक राहिले हेही दिसते. येथे एक गुंता आहे. औषध सोडताच चक्कर, चिडचिड, निद्रानाश, विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना अशी लक्षणे काहींना होतात. ती आजार उलटल्याची खूण समजली जाण्याचा संभव असतो. २०२४ मधील एका संकलित विश्लेषणात खरे औषध थांबविणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांना व निष्क्रिय गोळी थांबविणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांना अशी लक्षणे झाल्याचे आढळले. म्हणूनच औषध एकाएकी न सोडता डॉक्टरच्या देखरेखीखाली मात्रा सावकाश कमी करीत जावी, असा दंडक आहे.

लाभ सरासरीने लहान असला म्हणजे हानीचा हिशेब अधिक काटेकोर ठेवावा लागतो. कामवासना व कामसुख मंदावणे हा नव्या औषधांचा वारंवार आढळणारा उपद्रव आहे, आणि संकोचामुळे तो सांगितला जात नाही. मुले व किशोरवयीन ह्यांच्या चाचण्यांत आत्महत्येचे विचार वा तसे वर्तन औषध घेणाऱ्यांत सुमारे चार टक्के व निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत दोन टक्के आढळल्यावरून अमेरिकी प्रशासनाने २००४ मध्ये वेष्टनावर ठळक इशारा छापण्याचे फर्मान काढले. २००७ मध्ये तो चोवीस वर्षे वयापर्यंतच्या तरुणांसही लागू केला. त्या बालचाचण्यांत प्रत्यक्ष आत्महत्या एकही झाली नव्हती. वरच्या वयात हा धोका आढळलेला नाही. तरुणांना औषध सुरू करताना पहिल्या काही आठवड्यांत जवळून लक्ष ठेवावे, एवढे त्यातून निश्चित निघते.

औषध कसे काम करते हा प्रश्न ह्याहून वेगळा आहे. पण लोकचर्चेत दोहोंची नेहमी गल्लत होते. अवसाद हा मेंदूतील सेरोटोनीन कमी झाल्यामुळे होतो, ही कल्पना १९६० नंतरच्या दशकात आकारास आली. जोझेफ शिल्डक्राउट ह्यांनी १९६५ मध्ये नॉरअड्रिनलीनवर, तर ॲलेक कॉपेन ह्यांनी १९६७ मध्ये सेरोटोनीनवर भर दिला. तिला एक आधार भारतीय वनस्पतीपासून मिळाला होता. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग पाश्चात्त्य वैद्यकाच्या नजरेस आणला. पुढे तिच्यातील रिसर्पीन हे द्रव्य मेंदूतील ह्याच रसायनांचा साठा रिता करते असे आढळले, आणि ते घेणाऱ्या काही रोग्यांना अवसाद आल्याच्या नोंदी झाल्या. गंमत अशी, की लंडनमध्ये डेव्हिड डेव्हिस व मायकेल शेफर्ड ह्यांनी १९५५ मध्ये केलेल्या नियंत्रित चाचणीत तेच रिसर्पीन चिंता व अवसाद असलेल्या रोग्यांना उपयोगी पडले होते. सिद्धांतास अनुकूल नोंद प्रसिद्धी पावली, प्रतिकूल चाचणी मागे पडली. २०२२ मध्ये जोआना मॉन्क्रीफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरोटोनीनच्या कमतरतेस सुसंगत पुरावा नसल्याचे दाखविले, तेव्हा औषधेच निरुपयोगी ठरल्याचा बोभाटा झाला. तसा निष्कर्ष निघत नाही. तापावर गोळी लागू पडते, म्हणून शरीरात त्या गोळीची उणीव होती असे कोणी म्हणत नाही. आणि ती उणीव नव्हती म्हणून गोळी लागू पडली नाही असेही कोणी म्हणत नाही.

ह्या चाचण्या बहुतांशी युरोप-अमेरिकेतल्या. अगदी जवळची, आणि मराठी वाचकांना अपरिचित राहिलेली चाचणी गोव्यातली आहे. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत आलेल्या ४५० प्रौढांवर ती केली व २००३ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. अवसाद व चिंता ह्यांनी पीडित अशा ह्या रोग्यांचे तीन गट पाडले होते: एकास फ्लुऑक्सेटीन, दुसऱ्यास निष्क्रिय गोळी, तिसऱ्यास मानसोपचाराच्या बैठका. दोन महिन्यांनी फ्लुऑक्सेटीनचा गट निष्क्रिय गोळीच्या गटाहून स्पष्टपणे पुढे होता. मानसोपचाराचा गट निष्क्रिय गोळीहून सरस ठरला नाही. आणि वर्षाच्या अखेरीस औषध व निष्क्रिय गोळी ह्यांतील फरकही उरला नव्हता. औषधाचा वाटा ह्या चाचणीत निःसंशय दिसतो, पण तो रोग्याला लवकर उभे करण्याचा आहे. ज्याची रोजंदारी बुडते, किंवा जिच्यावर घरातील लहान मुलांचे सर्व अवलंबून असते, त्यांच्या दृष्टीने हे दोन महिने क्षुल्लक नव्हेत.

पुढे गोव्यातच मानसोपचाराची परीक्षा वेगळ्या रीतीने झाली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, खास शिक्षण दिलेल्या पण वैद्यकीय पदवी नसलेल्या समुपदेशकांची योजना सरकारी आरोग्य केंद्रांत केली असता सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण ४२.५ टक्क्यांवरून ६५.९ टक्क्यांवर गेले. खाजगी दवाखान्यांत मात्र फरक आढळला नाही. २०१७ मध्ये बऱ्यापैकी तीव्र अवसाद असलेल्या ४९५ रोग्यांना, दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, अशाच समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत पुन्हा हळूहळू दैनंदिन कामांत गुंतविण्याचा उपचार दिला. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६४ टक्के लक्षणमुक्त झाले, तर केंद्रातील नेहमीचे, किंचित सुधारलेले उपचार घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के. हे अंतर मोठे आहे आणि ते औषधांच्या दोन गुणांशेजारी ठेवून औषधांना हिणविण्याचा मोह अनेकांस होतो. पण हे दोन आकडे एका तराजूत घालता येत नाहीत. गोळीची तुलना हुबेहूब तशाच दुसऱ्या गोळीशी होते, म्हणून आस्था, अपेक्षा व काळ ह्यांचा वाटा दोन्ही पारड्यांत सारखा पडून वजा होतो. समुपदेशनाची तुलना नेहमीच्या उपचाराशी होते. आपणास काय मिळत आहे हे रोग्यास ठाऊक असते, आणि आस्थेचा वाटा वजा न होता उपचाराच्याच खात्यावर जमा राहतो. २००३ च्या चाचणीत मानसोपचार निष्क्रिय गोळीशी जोखला गेला आणि तिच्या पुढे गेला नाही. २०१७ मध्ये तो नेहमीच्या उपचाराशी जोखला गेला आणि फार पुढे गेला. दोन चाचण्यांतील उपचार व रोगी सर्वस्वी एकच नव्हते. तरीही निकालातील ह्या अंतराचा किती भाग उपचारपद्धतीतील सुधारणेचा आणि किती भाग तुलनेस घेतलेल्या गटाचा, हे ठरविण्यास निष्क्रिय गोळी, समुपदेशन आणि नेहमीचा उपचार हे तिन्ही गट एकाच चाचणीत घ्यावे लागतील.